जुन्या नाट्यगृहांच्या परिषदेला पहिल्यांदा जाताना

पहिल्या परिषदेचे तीनही दिवस मी तंत्रज्ञांच्या घोळक्यात काढले. मी स्वतः पडद्यामागचा माणूस. दोर, कप्प्या, वजनं, दिवे एवढंच माझं जग. तिथंही मी आपल्यासारखेच लोक शोधले, त्यांच्याशीच गप्पा मारल्या, आणि आधीच ठाऊक असलेलं ज्ञान आणखी पक्कं करून परतलो. ज्या प्रश्नासाठी गेलो होतो (आमच्या नक्षीदार छताखाली नवे दिवे टांगायचे कसे) तो माझ्याबरोबर जसाच्या तसा परत आला. पुढच्या वर्षी जेवणाच्या रांगेत, निव्वळ योगायोगानं, जुन्या गिलाव्याचं काम करणाऱ्या एका बाईंच्या मागे उभा राहिलो. अर्ध्या तासात कळलं की मी प्रश्नच उलटा विचारत होतो. दिवे छताला कसे टांगायचे हे नंतर पाहू, ते छत मुळात कशाला टांगलंय?

मला उत्तर देता आलं नाही. वीस वर्षं त्या छताखाली काम करत होतो.

या मेळाव्यांना दोन जमाती येतात. एक इमारत जपणारी. तिच्यात वास्तुविशारद, संवर्धक, स्थापत्य अभियंते, गिलाव्याचे आणि लाकडाचे कारागीर, इतिहासाचे अभ्यासक. दुसरी इमारत चालवणारी. तिच्यात व्यवस्थापक, तिकीट खिडकीवाले, रंगमंचाचे तंत्रज्ञ, देणग्या गोळा करणारे, विश्वस्त. पहिल्या जमातीला वाटतं, दुसरी जमात खिळे ठोकून ठोकून इमारतीची वाट लावते. दुसरीला वाटतं, पहिलीला नाट्यगृह नकोच आहे, संग्रहालय हवंय. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. नव्यानं जाणाऱ्याला माझा सल्ला एवढाच, की आपण ज्या जमातीचे, तिच्यात कमीत कमी बसा. हे जमवायचं कसं, ते आता क्रमानं सांगतो.

१. परिषद निवडा, पण नावावरून नको

या क्षेत्रातल्या संस्थांचे स्वभाव वेगवेगळे आहेत. अमेरिकेतली ‘लीग ऑफ हिस्टॉरिक अमेरिकन थिएटर्स’ १९७६ साली स्थापन झाली. तिची वार्षिक परिषद दरवर्षी वेगळ्या शहरात भरते आणि त्या शहरातली जुनी नाट्यगृहं आतून पाहणं हा तिचा गाभा असतो. चालवणाऱ्यांची संख्या तिथं मोठी. ब्रिटनमधला ‘थिएटर्स ट्रस्ट’ही १९७६चाच, पण तो संसदेच्या कायद्यानं जन्माला आलेला. नाट्यगृहांना बाधा आणू शकणाऱ्या बांधकाम-प्रस्तावांवर त्याचं मत विचारावं लागतं, आणि धोक्यात असलेल्या नाट्यगृहांची यादीही तो जाहीर करतो. त्यामुळे तिथल्या चर्चेत नियोजन, परवानग्या, मालकी हे विषय वरचेवर येतात. युरोपातली ‘पर्स्पेक्टिव्ह’ ही ऐतिहासिक नाट्यगृहांची संघटना. लाकडी यंत्रणा शिल्लक असलेली दरबारी नाट्यगृहं हा ज्यांच्या जिव्हाळ्याचा विषय, त्यांच्यासाठी ती ठीक. ‘ओइस्टाट’ ही १९६८ साली प्रागमध्ये सुरू झालेली आंतरराष्ट्रीय संघटना नेपथ्यकार, नाट्यगृहांचे वास्तुविशारद आणि तंत्रज्ञ यांची. तिचा भर जुन्यापेक्षा रचनेवर जास्त.

आपल्या जवळ भरणारा एखादा छोटा मेळावाही चालेल, उलट पहिल्या खेपेला तोच बरा. निवडताना मागच्या दोन-तीन वर्षांच्या कार्यक्रमपत्रिका मिळवा आणि तीन गोष्टी मोजा. प्रत्यक्ष इमारतींमध्ये किती तास आहेत, बोलणाऱ्यांत दोन्ही जमातींचे किती जण आहेत, आणि वक्त्यांच्या नावापुढे माल विकणाऱ्या कंपन्यांची नावं किती आहेत. तिसरा आकडा पहिल्या दोन्हींपेक्षा मोठा असेल, तर ते प्रदर्शन आहे, परिषद नव्हे.

नोंदणी लवकर केली तर बहुतेक ठिकाणी शुल्क कमी पडतं. विद्यार्थी, स्वयंसेवक किंवा छोट्या संस्थांसाठी सवलत आहे का, हे मात्र विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. विचारायला लाजू नका.

२. इमारतीची कुंडली मांडा

नव्या माणसाची सगळ्यात मोठी चूक अशी, की तो स्वतःची माहिती घेऊन जातो, इमारतीची नेत नाही. तिथं तुम्ही कोण, यात कुणाला फारसा रस नसतो. ‘तुमचं घर कसलं आहे?’ हा पहिला प्रश्न असतो. म्हणून एक पान तयार करा, पाठपोट. त्यावर एवढं हवं:

बांधकामाचं वर्ष आणि मोठ्या फेरफारांची वर्षं. आसनसंख्या, मूळची आणि आताची. रंगमंचाच्या चौकटीची रुंदी आणि उंची. रंगमंचाची खोली, विंगांमधली जागा, वरच्या ग्रिडची (दोर-कप्प्या जिथं बसतात त्या छताजवळच्या जाळीची) उंची. रंगमंच सपाट आहे की प्रेक्षकांकडे उतरता. टांगण्याची व्यवस्था दोर आणि वाळूच्या पिशव्यांवर चालते, काउंटरवेटवर (टांगलेल्या भाराला तोलणाऱ्या लोखंडी वजनांवर) की मोटरवर. छत कशाचं आहे आणि वरून शेवटचं कधी तपासलं. अग्निरोधक पडदा आहे का, आणि तो शेवटचा खाली कधी आणला. वर्षाला प्रयोग किती, रिकामे दिवस किती. इमारत कुणाच्या मालकीची, चालवतं कोण, आणि वारसा म्हणून तिला कायद्याचं संरक्षण आहे का.

यातलं निम्मं तुम्हाला भरता येणार नाही. मलाही आलं नव्हतं. रिकाम्या जागा तशाच ठेवा, त्या रिकाम्या जागा म्हणजेच तुमची खरी कामाची यादी.

फोटो दहा पुरेत, आणि सोनेरी नक्षीचा एकही नको. तो सगळ्यांकडे असतो. छताच्या वरचा माळा, रंगमंचाखालचं तळघर, विजेचं पॅनल, गळतीचा डाग, मध्यंतरात महिलांच्या स्वच्छतागृहाबाहेर लागणारी रांग असे फोटो न्या. एखादा नकाशा नेणार असाल तर उभा छेद न्या, म्हणजे इमारत वरून खाली कापली तर आत जे दिसेल त्याचं चित्र. आडव्या नकाशात फक्त खुर्च्या दिसतात. बाल्कनीखालचा शेवटच्या रांगेतला माणूस रंगमंच किती पाहतो, छत आणि छप्पर यांच्यात किती पोकळी आहे, रंगमंचाखाली काय दडलंय, हे सगळं छेदात दिसतं. हा एक कागद टेबलावर पसरला की दोन्ही जमाती आपोआप त्याच्याभोवती जमतात. कितीदा तरी पाहिलंय.

शेवटी, एकच प्रश्न एका वाक्यात लिहा. ‘आमचं नाट्यगृह कसं वाचवायचं?’ हा प्रश्न नाही, हा सुस्कारा आहे. ‘उतरत्या रंगमंचावर बाहेरगावच्या नाटकांचं सरकतं नेपथ्य चालत नाही. मूळ फळ्या न काढता वरून सपाट तळ बसवणारं कुणी आहे का, आणि पहिल्या रांगेच्या नजरेचं त्यांनी काय केलं?’ याला प्रश्न म्हणतात. त्याला त्याच संध्याकाळी चार उत्तरं मिळतात, त्यातली दोन एकमेकांच्या विरुद्ध.

३. दोन्ही बोली थोड्या शिका

जपणाऱ्यांच्या तोंडी ‘संवर्धन’, ‘जीर्णोद्धार’ आणि ‘पुनर्बांधणी’ हे तीन वेगळे शब्द आहेत. आपण ते सर्रास एकाच अर्थानं वापरतो. आहे ते टिकवणं, आधीच्या एखाद्या अवस्थेला परत नेणं आणि नाहीसं झालेलं नव्यानं उभारणं, असा ढोबळ फरक. जुन्या वास्तू कशा जपाव्यात याची तत्त्वं सांगणारी १९६४ची व्हेनिस सनद जीर्णोद्धाराबद्दल बजावते, की जिथं अंदाज सुरू होतो तिथं हात थांबवा. ऑस्ट्रेलियात १९७९ साली मांडलेली बुर्रा सनद म्हणते, गरजेपुरता बदल करा आणि जमेल तितका कमी करा. वास्तूचा वापर हाही तिच्या महत्त्वाचाच भाग असू शकतो, हे ती मान्य करते. चालवणाऱ्यांनी ही दुसरी सनद पाठ करावी. बैठकीत कामाला येते.

आणि मग व्हेनिसचंच ‘ला फेनिचे’ येतं, सनदेच्या नावातल्याच शहरातलं. १७९२ साली उघडलेलं हे ऑपेरागृह १८३६ साली जळलं, पुन्हा बांधलं, आणि जानेवारी १९९६ मध्ये पुन्हा जळलं. या वेळी आग लावली होती तिथंच काम करणाऱ्या विजेच्या कंत्राटदारांनी, कामाला उशीर झाल्याचा दंड टाळण्यासाठी. शेजारचे कालवे साफसफाईसाठी कोरडे केलेले, त्यामुळे अग्निशामक होड्यांना जवळ जाता येईना. ‘जसं होतं तसं, जिथं होतं तिथं’ या घोषणेखाली ते परत उभारलं आणि डिसेंबर २००३ मध्ये उघडलं. हा जीर्णोद्धार, की हुबेहूब प्रतिकृती? एवढं विचारून बाजूला बसा. वाद मध्यरात्रीपर्यंत चालेल आणि तुम्हाला कोण कुठल्या जमातीचं ते ओळखपत्र न वाचता कळेल.

चालवणाऱ्यांच्या बोलीतलं जपणाऱ्यांना काय माहीत असावं? निदान एवढं, की दोरांवरचं नाट्यगृह आणि काउंटरवेटवरचं नाट्यगृह यांत फरक फक्त जुन्या-नव्याचा नाही. पहिल्यात वजन पेलायला माणसं आणि वाळूच्या पिशव्या लागतात, पण कुठलाही दोर हवा तिथं सोडता येतो. दुसऱ्यात काम कमी माणसांत होतं, पण भिंतीलगत रुळांची चौकट आणि वजनांचा ढीग उभा राहतो, आणि तो सगळा भार जुन्या बांधकामावर येतो. व्यवस्थापक ‘आमची रोजची उलाढाल’ म्हणतो तेव्हा तो पैशाबद्दल बोलत असतो असंही नाही. सकाळी ट्रक येणार, संध्याकाळी प्रयोग, रात्री सगळं उतरवून ट्रक परत. या बारा तासांत संवर्धकाला शिडी लावायला वेळ कधी मिळणार, हा त्याचा मुद्दा असतो.

आता छतांबद्दल, कारण माझी शिकवणी तिथूनच सुरू झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अनेक नाट्यगृहांची नक्षीदार छतं जागेवर कोरलेली नाहीत. किंतानाच्या थरांवर प्लास्टर ओतून साच्यातून काढलेले ते तुकडे आहेत. वरच्या लाकडी सांगाड्याला ते प्लास्टरमध्ये भिजवलेल्या किंतानाच्या पट्ट्यांनी बांधलेले असतात. म्हणजे डोक्यावरचं सगळं वैभव गोणपाटाला लटकलेलं. लंडनच्या १९०१ सालच्या ‘अपोलो’ नाट्यगृहात डिसेंबर २०१३ मध्ये चालू प्रयोगात छताचा भाग प्रेक्षकांवर कोसळला, कित्येक जण जखमी झाले. चौकशीत निघालं ते हेच. त्या पट्ट्या वर्षानुवर्षांत कमजोर झाल्या होत्या. त्यानंतर छतांच्या तपासणीबद्दल या व्यवसायात जी जाग आली, तिचे पडसाद आजही परिषदांमध्ये उमटतात. छताचं सत्र असेल तर तिथं बसाच, मग तुम्ही तिकीट खिडकी सांभाळत असलात तरी.

४. पहिली सकाळ

नवागतांसाठी ओळखीची बैठक असेल तर जा. गळ्यातल्या ओळखपत्रावर स्वतःच्या हुद्द्याऐवजी इमारतीचं नाव ठळक करा. पत्रिकेतली तीन सत्रं निवडा, त्यातली दोन दुसऱ्या जमातीची. एखादा तास मुद्दाम रिकामा सोडा. सगळी सत्रं भरून काढणारा माणूस संध्याकाळी कुणाशी बोलण्याच्या अवस्थेत नसतो.

५. इमारत पाहायला जाल तेव्हा

माझ्या मते परिषदेचा निम्मा ऐवज इथंच असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पायात जाड तळव्याचे बंद बूट, खिशात छोटी बॅटरी, हात मोकळे. फोटो काढण्याआधी विचारा. वाटाड्या प्रेक्षागृहाच्या मधोमध उभा राहून इतिहास सांगू लागला की तो ऐका, तो बहुधा चांगला असतो. पण नजर त्या इमारतीत रोज काम करणाऱ्या माणसाला शोधू दे. तो कोपऱ्यात किल्ल्यांचा जुडगा घेऊन, थोड्या कंटाळलेल्या चेहऱ्यानं उभा असतो. त्याला विचारा, ‘इथं सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?’ त्याचा चेहरा उजळतो. पुढची वीस मिनिटं तुमची.

वर पाहा. झुंबराच्या किंवा घुमटाच्या मध्यभागी जाळी दिसते का? गॅसच्या दिव्यांच्या काळात छताच्या मध्यावर मोठा ज्वालापुंज असायचा. त्याच्या उष्णतेनं हवा वर खेचली जाऊन धुराड्यातून बाहेर पडायची. दिवा आणि पंखा, दोन्ही कामं एकातच. वीज आली, गॅस गेला, आणि अनेक ठिकाणी ती धुराडी फळ्या ठोकून बंद झाली. ‘आमच्याकडे फार उकडतं’ म्हणत मोठाली यंत्रं बसवायला निघालेल्यांनी आधी ती फळी शोधावी. वातानुकूलनाचा अभियंता आणि इतिहासाचा अभ्यासक एकत्र वर चढले तरच ती सापडते. एकटा अभियंता तिला अडगळ समजतो, आणि एकटा अभ्यासक तिचा फोटो काढून खाली उतरतो.

खाली पाहा. रंगमंचाच्या फळ्यांमध्ये चौकोनी सांधे असतील तर तिथं कधीतरी खाली उघडणारी झडप होती. तळघरात लाकडी चाकं, ढोल, खाचा दिसल्या तर हात लावू नका, पण नजर हलवूही नका. स्वीडनमधलं ड्रॉट्निंगहोमचं राजदरबारी नाट्यगृह १७६६ सालचं. राजा तिसरा गुस्ताव १७९२ साली मारला गेल्यावर ते विस्मरणात गेलं, आणि १९२१ साली आग्ने बाइयर हा अभ्यासक आत शिरला तेव्हा लाकडी यंत्रणा आणि रंगवलेले देखावे धुळीखाली जागच्या जागी होते. प्रामुख्यानं दोर बदलले आणि यंत्र चालू झालं. आजही उन्हाळ्यात तिथं प्रयोग होतात आणि देखावे माणसं हातानं फिरवतात. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या १७६६च्याच नाट्यगृहात तर छतात लाकडी पन्हाळी आहे. तीतून जड गोळे गडगडत सोडले की प्रेक्षकांच्या डोक्यावर मेघगर्जना! ध्वनिक्षेपकातून येणारी गर्जना कानांना ऐकू येते, ही खुर्चीतून जाणवते म्हणतात. दोन्ही इमारती टिकल्या त्या वेगवेगळ्या कारणांनी. एक विसरली गेली म्हणून, दुसरी वापरात राहिली म्हणून.

मग बाहेर पडण्याची दारं. ती स्वतः उघडून पाहा. शिकागोचं ‘इरोक्वॉय’ नाट्यगृह नोव्हेंबर १९०३ मध्ये उघडलं, ‘पूर्णपणे अग्निरोधक’ अशी जाहिरात करून. पाच-सहा आठवड्यांत, ३० डिसेंबरला दुपारच्या खेळात आग लागली. अग्निरोधक पडदा खाली येताना मध्येच अडकला. दारांच्या कड्या लोकांना उघडता येईनात, काही दारं बंदच होती. ६०० हून अधिक माणसं मेली, त्यात मुलं किती तरी. दार अंगानं ढकललं की उघडणारा आडवा दांडा आज जगभर दिसतो, तो त्या दुर्घटनेनंतर काही वर्षांत अमेरिकेत आला. जुन्या सुंदर दारावर तो दांडा विद्रूप दिसतो, अशी तक्रार एका संवर्धकानं माझ्यासमोर केली होती. किल्ल्यांच्या जुडग्यावाल्यानं त्याला काही उत्तर दिलं नाही, नुसतं दार ढकलून दाखवलं.

एक सवय मात्र सोडा. रिकाम्या प्रेक्षागृहात शिरल्यावर प्रत्येक जण टाळी वाजवून आवाज तपासतो, वीस माणसं वीस टाळ्या. त्यातून फारसं काही कळत नाही. त्यापेक्षा कुणाला तरी रंगमंचावर उभं करून ध्वनिक्षेपकाशिवाय साधं बोलायला सांगा आणि तुम्ही बाल्कनीखाली शेवटच्या रांगेत जाऊन बसा. शब्दाचा शेवट ऐकू येतो का ते पाहा. प्रेक्षकांनी भरल्यावर चित्र बदलतं हेही लक्षात ठेवा, माणसांचे कपडे आवाज पितात.

६. सत्रांत काय विचारायचं

यशोगाथा सुंदर असतात आणि त्यांचा उपयोग कमी असतो. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, टाळ्या. प्रश्नोत्तरांत हात वर करून यातलं एक विचारा: काम मध्येच थांबलं होतं का आणि कशानं? अंदाजपत्रकात नसलेलं सगळ्यात महाग काय निघालं? आज पुन्हा करायचं तर काय करणार नाही? त्यापुढचा माझा लाडका प्रश्न असा, की याची देखभाल आता कोण करतं, आणि त्याला ते आवडतं का?

दुसऱ्याची युक्ती घरी नेताना सांभाळा. टोरांटोचं ‘विंटर गार्डन’ हे १९१४चं नाट्यगृह दुसऱ्या नाट्यगृहाच्या डोक्यावर बांधलेलं आहे. १९२८ साली ते बंद पडलं आणि दशकानुदशकं तसंच राहिलं, १९८९ साली पुन्हा उघडलं. तिथल्या भिंतींवरची फुलावेलींची चित्रं पाण्यात विरघळणाऱ्या रंगांची, म्हणून ओला बोळा चालणार नव्हता. ती पावाच्या कच्च्या कणकेचे गोळे फिरवून स्वच्छ केली, शेकडो पौंड कणीक लागली. ही गोष्ट मी सांगतो तेव्हा ऐकणारा कुणीतरी लगेच विचारतो, ‘आमच्याकडे करून पाहू का?’ नको. तुमच्या भिंतीवरचा रंग कसला आहे हे प्रयोगशाळेतून कळेपर्यंत कणीक स्वयंपाकघरातच राहू दे.

वापरावर मर्यादा घालण्याचीही सत्रं असतात, आणि चालवणारे नेमके त्याच वेळी चहाला जातात. इटलीतल्या विचेंझाचं ‘तेआत्रो ओलिंपिको’ हे नाट्यगृह १५८५ सालचं. लाकूड आणि गिलाव्यातलं त्याचं मूळ नेपथ्य अजून उभं आहे, म्हणून तिथं तापवण्या-थंडावण्याची यंत्रणा नाही आणि प्रयोग सोसतील अशाच ऋतूंत होतात. प्रत्येकाला हे परवडणार नाही. पण ‘वर्षाचे किती दिवस ही इमारत आपल्याला सहन करू शकते?’ हा प्रश्न व्यवस्थापकाच्या तोंडून आला तर जपणारी माणसं त्याच्यावर जीव ओवाळून टाकतात.

पैशाच्या सत्रात कान टवकारा एका गोष्टीसाठी. भव्य दुरुस्तीला दाता सापडतो, कारण तिथं कोनशिला असते. दहाव्या वर्षी पंप बदलायचा असतो तेव्हा कोनशिला नसते. ज्या वक्त्यानं उभारणीच्या निधीतलाच काही भाग देखभालीसाठी बाजूला ठेवला, त्याला बाहेर गाठा आणि त्यानं दात्यांना काय सांगून पटवलं ते लिहून घ्या.

७. विक्रेत्यांचे गाळे

खुर्चीवाला तुम्हाला बसायला सांगेल. बसा, पण शेजारी आणखी एकाला बसवा आणि तिसऱ्याला तुमच्या गुडघ्यांपुढून जायला सांगा. रुंद आणि ऐसपैस खुर्च्या म्हणजे कमी आसनं, म्हणजे प्रत्येक हाऊसफुल्ल प्रयोगाला कमी तिकिटं. हा हिशेब गाळ्यावर कुणी मांडत नाही. शिवाय जाड गादी आवाज शोषते. मिलानच्या ‘ला स्काला’ ऑपेरागृहाच्या २००२ ते २००४ या काळातल्या नूतनीकरणात आवाजासाठी गालिचे काढले गेले, हे आठवणीत ठेवून मगच कापडाचे नमुने चाळा.

एलईडी दिव्यांच्या गाळ्यावर तीन गोष्टी मागा. दिवा अगदी मंद करून दाखवा, थरथरतो का? पंख्याचा आवाज किती, शांत प्रसंगात ऐकू येईल का? आणि जुन्या दिव्याच्या तुलनेत वजन किती? तिसरा प्रश्न विसरलात तर तुम्ही मी आहात.

प्रत्येक विक्रेत्याकडून एकच गोष्ट घेऊन या. दहा वर्षांपूर्वी त्यानं जिथं माल बसवला त्या एका नाट्यगृहाचं नाव.

८. जिन्यात, मार्गिकेत, रात्री

सगळ्यात खरं बोलणं सत्रांच्या मधल्या वेळात होतं. तुमचं कुंडलीचं पान बाहेर काढा, लिहिलेला प्रश्न विचारा, आणि मग गप्प बसा. कुणी स्वतःच्या छतातल्या भेगेबद्दल, भांडणाऱ्या विश्वस्तांबद्दल, बुडीत हंगामाबद्दल सांगितलं तर ते तुमच्यापाशीच राहू दे. अशी एक गोष्ट बाहेर गेली की त्या माणसाला निधी मिळणं बंद होऊ शकतं, आणि तुम्हाला पुढच्या वर्षी कुणी काही सांगणार नाही.

९. परतल्यावर

दोन दिवसांच्या आत, आठवणी ताज्या असताना, ज्यांच्याशी बोललात त्यांना दोन ओळी लिहा आणि त्यांचं नेमकं कुठलं वाक्य कामाला आलं ते कळवा. संस्थेसाठी एका पानाचा अहवाल लिहा. त्यात काय पाहिलं हे नको. या आठवड्यात फुकटात काय करता येईल, या वर्षी थोड्या खर्चात काय करता येईल, आणि कशासाठी तज्ज्ञ बोलवावा लागेल, एवढंच. अग्निरोधक पडदा पूर्ण खाली आणून पाहणं, दारं ढकलून पाहणं, कुंडलीतल्या रिकाम्या जागा भरणं, हे सगळं पहिल्या रकान्यात बसतं.

आणि दुसऱ्या जमातीच्या एका माणसाला आपली इमारत पाहायला बोलवा. आमच्याकडे त्या गिलाव्याच्या बाई आल्या. दोघं माळ्यावर चढलो, छप्पर आणि छत यांच्यामधल्या त्या अंधारात, फळ्यांवरून रांगत. त्यांनी किंतानाच्या पट्ट्या एकेक करून बॅटरीच्या उजेडात पाहिल्या, खडूनं खुणा केल्या, आणि मध्ये एकदा हसल्या. माझ्या आधीच्या कुणीतरी झुंबराजवळच्या चार पट्ट्यांच्या जागी विजेची वायर गुंडाळली होती. तीन तासांनी खाली उतरलो. नवे दिवे आता छताला टांगलेले नाहीत, बाल्कनीच्या कठड्यापुढे वेगळ्या नळीवर आहेत, आणि त्या नळीचे दोन्ही खांब थेट जमिनीवर टेकतात. छताला आमचा हातही लागत नाही.

तुम्ही पाहुण्याला माळ्यावर नेण्याआधी तिथल्या फळ्या एकदा तपासून घ्या, आणि एकटं कुणी वर चढू नका. आम्ही फळ्या तपासल्या नव्हत्या. सातवी फळी बांधलेलीच नव्हती.